दरीत न पडलेली गाडी

मी भर जत्रेत, एका आईसमोर, माईकवरून तिच्या मेलेल्या मुलाला निष्काळजी ड्रायव्हर म्हटलं.

वर हेही म्हटलं, की हे मी म्हणत नाही, देशाची संसद म्हणते.

हे कसं घडलं ते सांगतो. पण सांगून झाल्यावर मी निर्दोष सुटेन अशी आशा कुणी धरू नये. मी स्वतः ती केव्हाच सोडली आहे.

मी भांडगावचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आणि घरात कुणी माझं ऐकेना, म्हणून निवेदक झालो. आमच्या भागात साखरपुडा असो, दशक्रिया असो, की कुणाच्या बोअरला पाणी लागलेलं असो, माईक येतोच. आणि माईक आला की त्याच्यामागं कुणीतरी उभं राहावं लागतं. ते मी राहतो. लोक म्हणतात, गुरुजींच्या हातात माईक देणं सोपं, काढून घेणं अवघड.

दुसरा नाद संसदेचा. माझ्या वयाची माणसं टीव्हीवर मालिका बघतात, मी अधिवेशन बघतो. नोकरीत असताना शिक्षकांच्या सहलीबरोबर एकदा दिल्लीला गेलो होतो, तेव्हा पास काढून वरच्या गॅलरीत तासभर बसलो. दारात खिशातलं पेनसुद्धा काढून घेतलं. वाकून बघायचं नाही, कुजबुजायचं नाही. खाली हिरवा गालिचा, आणि एवढंसं दिसणारं कुणीतरी उभं राहून सगळ्या देशाला उत्तर देतंय. माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या उंच छपराखाली माणूस खोटं बोलूच शकत नाही, असं माझं तिथल्या तिथं ठाम मत झालं. आमची ग्रामसभा देवळाच्या ओट्यावर पत्र्याखाली भरते आणि तिथं सगळे खोटं बोलतात, तेव्हा हा फरक छपराचाच असणार, असं मी धरून चाललो.

तेव्हापासून संसदेतली प्रश्नोत्तरं झेरॉक्सवाल्याकडून छापून आणून मी फायलीत लावतो. त्यात एक उत्तर बऱ्याच वर्षांपूर्वीचं होतं. सीमेवरच्या एका ठाण्याजवळ गोळीबार चालू आहे आणि आपले जवान मारले गेलेत, हे खरं आहे का, असं एका खासदारानं विचारलं होतं. मंत्र्यांचं उत्तर असं: त्या भागात गोळीबाराची कोणतीही घटना घडलेली नाही. चालकाचा ताबा सुटल्यानं एक वाहन दरीत कोसळलं. चालकाचा मृत्यू झाला, दोन जवान जखमी झाले. बस. पुढचा प्रश्न खतांचा होता.

तो चालक खुटबावचा, एवढं मला ठाऊक होतं. अंत्यविधीला आजूबाजूची गावं लोटली होती. मी गेलो नव्हतो. त्या दिवशी मला एका वास्तुशांतीचं निवेदन होतं.

तर यंदा खुटबावच्या जत्रेत ट्रॅक्टर रिव्हर्सच्या स्पर्धेला मला बोलावलं. ज्यांनी ही स्पर्धा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरमागं उसाची ट्रॉली जोडायची आणि पांढऱ्या फक्कीनं आखलेल्या वाकड्यातिकड्या वाटेवरून ती उलटी न्यायची. रेषेला चाक लागलं की बाद. ट्रॉली डावीकडं जायला हवी तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं. ही झाली एका ट्रॉलीची गोष्ट. फायनलला दोन ट्रॉल्या असतात, म्हणजे उलट्याचं उलट. मला तर साधी गाडी सरळ पुढं नेतानाही घाम फुटतो, त्यामुळं त्या पोरांकडं मी हत्तीकडं बघावं तसा बघतो.

पहिल्या रविवारी एका ट्रॉलीच्या फेऱ्या होत्या. आयोजक कानात म्हणाला, "गुरुजी, पोरं जोशात हायेत. सावकाश चालवा म्हनून दोन शब्द सांगा."

मला दोन शब्द सांगा असं कुणीच सांगू नये.

मी म्हणालो, "मित्रहो, एका क्षणाचा निष्काळजीपणा! याच मातीतला एक जवान सीमेवर गेला, आणि गाडीवरचा ताबा सुटला. स्वतः गेला, दोन साथीदारांना जायबंदी करून गेला. हे मी नाही म्हणत, देशाची संसद म्हणते!"

सगळं मैदान चिडीचूप झालं. मैदान चिडीचूप झालं की मला वाटतं, भाषण लागू पडलं.

स्टेजवर मानाच्या खुर्चीत एक म्हातारी बाई बसल्या होत्या. डोक्यावरून पदर, मांडीवर बक्षिसाची ढाल. मी त्यांना कुणातरी आयोजकाची आई समजलो होतो. त्या उठल्या, ढाल खुर्चीवर ठेवली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. माईक चालूच होता.

"गुरुजी, हे कुठं लिवलंय?"

"संसदेच्या उत्तरात, आक्का. मंत्र्यांनी सांगितलंय."

"मंत्री गाडीत हुता व्हय?"

मागून आयोजकानं माझा सदरा ओढला आणि दात ओठ खात सांगितलं, "गुरुजी, ती त्याची आई हाय. लागोपाठ तीन वर्सं हीच ढाल जिंकून मग तो फौजेत गेला. फायनलची ढाल तिच्याच हातनं द्यायचीय!"

पायाखालची जमीन सरकली असं लिहिण्याची पद्धत आहे. माझी सरकली नाही. सरकली असती तर बरं झालं असतं, निदान मी दिसेनासा झालो असतो.

आक्का रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. माझा हात धरून स्टेजच्या मागं घेऊन गेल्या आणि तो कागद पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाल्या, "मला येवढंच सांगितलं हुतं की गाडी दरीत गेली. पेटी उघडू दिली न्हाई. मी म्हनलं, बरफ असंल, रस्ता खचला असंल. त्याच्या हातनं झालं असं कुनी म्हनलं न्हवतं." पदर सावरून म्हणाल्या, "त्यातली दोघं जगली म्हनता?"

"हो."

"मंग त्यांच्या दारात जायाला पायजे. माझ्या लेकराच्या हातनं त्यांचे हातपाय गेले. इतकी वर्सं झाली, मी गेले न्हाई. काय म्हनत असत्याल ती मानसं."

मी माफी मागायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. मला मरणाची लाज वाटत होती ती माझ्या चुकीची, आणि या बाईला लाज वाटत होती ती मी तिच्या पदरात टाकलेल्या चुकीची.

आमच्याकडं फौजेतला माणूस शोधायला तीन फोन पुरतात. दोघांतला एक बिहारकडचा निघाला. दुसरा भीमेच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईचा. निवृत्त होऊन आला होता आणि रांजणगावला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचं काम करत होता. गुरुवारी त्याला सुट्टी होती. मी आक्कांना माझ्या गाडीतून न्यायचं ठरवलं. आक्कांनी एक टॉवेल, एक टोपी आणि गुळाची ढेप पिशवीत घेतली. माफी मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत.

वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, "गुरुजी, ब्रेक कुठला ते ठावं हाय न्हवं?" एका ठिकाणी समोरून टँकर आला म्हणून मला गाडी थोडी मागं घ्यायची होती. ती मी घेतली ती थेट बाभळीत. आक्का खाली उतरल्या, मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि हात हलवत म्हणाल्या, "येऊ द्या... येऊ द्या... बास!" गाडी निघाली.

"त्याला पन मीच म्हनायची," पुन्हा बसताना त्या म्हणाल्या. "शिकत हुता तवा मागं मीच उभी ऱ्हायची. मागं कोन हाय ते ठावं असल्याबिगर तो गेर टाकायचाच न्हाई."

मी आरसा नीट केला आणि भीमेचा पूल ओलांडला.

वडगावच्या त्या घरासमोर पत्र्याची शेड होती. शेडखाली चाळिशीतला एक माणूस शेळीला पाला टाकत होता. आमच्याकडं शिपाई असो की हवालदार, फौजेतून आला की त्याला मेजरच म्हणतात, म्हणून मीही म्हटलं, "मेजर, खुटबावहून आलोय." मेजर वळले. उजवा पाय ओढत दोन पावलं पुढं आले. आक्कांना बघितलं आणि हातातला पाला खाली पडला. ओळख द्यावी लागली नाही.

आक्कांनी पिशवी खाली ठेवली आणि सरळ त्यांच्या पायावर वाकायला लागल्या.

"आक्का! आवो आक्का, हे काय करताय!" लंगडा माणूस एवढ्या चपळाईनं मागं सरकलेला मी पाहिला नाही. पाठ शेळीच्या दावणीला लागली. "पाया मी पडायचं का तुमी?"

"तुजा पाय माझ्या लेकराच्या चुकीनं गेला, बाबा. गाडी त्यानंच पाडली ना?"

"गाडी?" मेजर म्हणाले. "कुठली गाडी पाडली?"

आक्का माझ्याकडं वळल्या. "गुरुजी, त्यो कागद द्या ह्यांना."

मी कागद दिला. मेजरांनी वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा मला मोठ्यानं वाचायला सांगितलं, जणू डोळ्यांवर त्यांचा भरवसा राहिला नव्हता. मग ते बाजेवर बसले आणि उजवा पाय हातानं उचलून सरळ केला.

पुढचं त्यांनी सांगितलं ते मला जमेल तसं सांगतो. शब्द माझे कमी, त्यांचे जास्त.

चार दिवस फायर चालू होता. वरच्या ठाण्यावर पाणी पोचवायला ही गाडी गेली होती. गाडीच्या मागं पाण्याच्या टाकीचा ट्रेलर. रस्ता डोंगराच्या कडेला खोदलेला, एका गाडीपुरता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. वर पोचल्यावर मेजर आणि तो बिहारी दोघं जखमी झाले. मेजरांच्या पायात लागलं, बिहाऱ्याच्या पोटात. खाली न्यायचं तर गाडी वळवायला जागा नाही. ट्रेलर सोडावा तर थंडीनं जोडणीची पिन गोठलेली, हातोड्यानंही निघेना. सगळे म्हणाले, गाडी सोड, खांद्यावर नेऊ. खांद्यावर न्यायचं तर उघड्यावरून न्यायचं.

"तवा तो हसला," मेजर म्हणाले. "म्हनला, आमच्या गावात दोन ट्रॉल्या उलट्या घेत्यात. ही तर येकच हाय."

दीड कोस तो रस्ता. ट्रेलरसकट, उलटा, वळणावळणाचा, वरून फायर येतोय. आरसा पहिल्याच वळणावर फुटला. मग त्यानं दार उघडलं, अर्धं अंग बाहेर काढलं आणि मागं बघत चालवायला लागला.

इथं आक्कांनी त्यांना थांबवलं. मला वाटलं, ऐकवत नसेल. पण त्यांनी विचारलं ते जगात दुसऱ्या कुणी विचारलं नसतं.

"मागं कोन हुतं? येऊ दे म्हनायला कोन हुतं त्याला?"

मेजर बाजेवरून पुढं वाकले. "मीच हुतो आक्का. मागं आडवा पडलो हुतो, मला मागचाच रस्ता दिसत हुता. तो वरडून इचारायचा, भावा, किती हाय? मी म्हनायचो, येऊ दे, येऊ दे. डावीकडं दरी हाय, दाब उजवीकडं. येऊ दे. येक चाक खाली गेलं न्हाई. शेवटच्या वळनावर त्याला लागलं. मला कळलंच न्हाई, कारन गाडी तशीच सरळ येत हुती. मोठ्या खडकाच्या आड आलो तवा मी म्हनलं, बास. आन् तो थांबला. हँडब्रेक वढलेला ऐकला मी. इंजन बंद केलं. मंग लोकांनी दार उघडलं तर..."



मी आयुष्यभर मोठमोठे शब्द माईकवरून उधळलेत. शौर्य, बलिदान, अमर रहे. त्या शेडखाली त्यातला एकही मला सापडेना. हँडब्रेक, एवढाच शब्द डोक्यात घुमत होता. मरता मरता माणसानं हँडब्रेक ओढला, कारण मागं दोन माणसं होती आणि उतार होता.

"मंग हे दरीचं?" आक्कांनी विचारलं.

"चौथ्या दिवशी आमी हॉस्पिटलात. वॉर्डात टीव्ही लावलेला. मंत्री उभे ऱ्हायले. म्हनले, उधर सब शांत है, एक गाडी गिर गयी. माझ्या पायातलं लोखंड अजून काढलेलं न्हवतं. शेजारच्या खाटेवरला बिहारी मला म्हनला, भैया, हम गिरे कहाँ थे? मी म्हनलं, दिल्ली में."

ते हसले. आम्हाला हसावं की नाही ते कळेना.

"साहेब येऊन सांगून गेले, दोन्ही देशांची बोलनी चालू हायेत, कुनी काय बोलायचं न्हाई. न्हाई बोललो. मला वाटलं, घरच्यांना तरी खरं सांगितलं असंल. मी येकदा खुटबावच्या वेशीपर्यंत आलो हुतो, आक्का. लांबनं तुमी दिसला. खोटं सांगायचं न्हवतं, आन् खरं सांगायची परवानगी न्हवती. माघारी फिरलो." मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "लढाई न्हाई म्हनायचं तर म्हना. वरचं राजकारन मला कळत न्हाई. पन ह्याच्यात ड्रायव्हरला कशाला आनला? ताबा सुटला म्हनं! ताबा!"

आक्कांनी टॉवेल मेजरांच्या खांद्यावर टाकला, टोपी स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर ठेवली. माफीसाठी आणलेली टोपी मानाची झाली. गुळाचा खडा सगळ्यांच्या हातावर ठेवला, माझ्याही. तो तोंडात टाकायची माझी लायकी नव्हती, पण टाकला.

परतताना गाडी मी बैलगाडीच्या वेगानं चालवली. मला दिल्लीची ती गॅलरी आठवत होती. ग्रामसभेत सरपंच म्हणाला की रस्ता झाला, तर मागून कुणीतरी चिखलानं भरलेला पाय वर करून दाखवतो. छपरामुळं नाही, त्या पायामुळं आमच्याकडं खोटं टिकत नाही. सीमेवरच्या लढाईबद्दल मंत्री बोलतो तेव्हा असा पाय वर करणारं तिथं कुणी नसतं. ज्यांचा पाय गेला ते खाटेवर, तोंडावर बोट ठेवून. शिवाय नुसतं नाही म्हणून भागत नाही, माणूस मेला कशानं ते सांगावं लागतं. मग दोष मेलेल्याच्या नावावर लावतात. तो उठून हरकत घेत नाही. ते खोटं इतकी वर्षं कागदात गप्प पडून होतं. दिल्लीहून खुटबावच्या त्या घरापर्यंत ते पोचवणारा हमाल मी.

मी म्हणालो, "आक्का, मंत्र्यानं सभागृहात चुकीचं सांगितलं असेल तर पुन्हा उभं राहून दुरुस्ती करता येते. तशी रीत आहे. मी पत्र लिहितो."

"लिवा की. त्यो मंत्री अजून हाय का?"

"नाही. कधीच गेला पदावरून."

"मंग दिल्लीचं राहू द्या दिल्लीला. तुमी तर हाय ना? ज्या मायकावरनं बोलला त्याच मायकावरनं परत घ्यायचं. रविवारी."

पत्र मी लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

रविवारी दोन ट्रॉल्यांची फायनल. मैदानात ट्रॅक्टर रांगेनं उभे, इंजिनं चालू. मेजर वडगावहून टोपी घालून आले होते, पहिल्या रांगेत बसले. आक्का त्याच खुर्चीत. मी तीन रात्री जागून नऊ पानांचं भाषण लिहिलं होतं. पण माईक हातात आल्यावर पानं खिशातच राहिली आणि जे आलं ते बोललो.

"मागच्या रविवारी मी इथं खोटं बोललो. गाडी दरीत पडली नव्हती. तिथं लढाई चालू होती, आणि या गावचा पोरगा ट्रेलरसकट गाडी उलटी घेऊन दोन जखमींना खाली घेऊन आला. त्यातले एक हे समोर बसलेत. ताबा शेवटपर्यंत सुटला नव्हता. गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, मग तो गेला."

पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. मग दुसऱ्यानं. रांगेतलं एकेक इंजिन बंद पडत गेलं. एक एक पोरगा सीटवरून खाली उतरून उभा राहिला. कुणी घोषणा दिली नाही. ट्रॉली उलटी घेणं म्हणजे काय हे त्या पोरांना माझ्यापेक्षा आणि मंत्र्यापेक्षा जास्त कळत होतं. ते डोळ्यांपुढं तो रस्ता आणून एकेक वळण मोजत होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अशी शांतता मी गॅलरीतसुद्धा ऐकली नव्हती. आक्का ताठ बसल्या होत्या. चेहऱ्यावरचं काहीतरी ओझं उतरलं होतं. काय ते सांगायला मला भाषा नाही.

इथं मी थांबायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण खिशात नऊ पानं होती. मी ती काढली, चष्मा लावला आणि "लोकशाही म्हणजे काय, मित्रहो?" इथून सुरुवात केली. दुसऱ्या पानावर संसदीय परंपरेचा उगम झाला. तिसऱ्या पानावर पोरं पुन्हा सीटवर चढून बसली. चौथं पान उलटत होतो तेवढ्यात आक्का उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि चालू माईकवर, सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"गुरुजी, बसा आता खाली. तुमच्यापरीस त्यो मंत्री बरा. खोटं बोलला, पन थोडक्यात बोलला."